रत्नागिरीत गेलेले बूट

विनिपेग, १८ जानेवारी २००९

चि. शशिकांत,
अनेक आशीर्वाद.

तू दोनदा फोन आपटलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. पत्र आपटता येत नाही.

तुझी अनुया मार्कशी लग्न करणार आहे. मुलगा तिच्या ऑफिसातला, इंजिनिअर, जन्म इथला, मूळ घराणं इटलीचं. ती माझ्या बेसमेंटमध्ये राहते म्हणून मी तिला फूस लावली, या आरोपाला मी उत्तर देणार नाही. बर्फ पडलं की मार्क येऊन माझा ड्राइव्हवे शोव्हल करतो आणि बेल न वाजवता निघून जातो. तू सुचवलेल्या त्या डॉक्टर मुलाने चहाचा कप सिंकपर्यंतही नेला नव्हता.

अनुयाचं म्हणणं, बाबा कन्यादानाला येणार नसतील तर लग्नच नको. मी तिला मूर्ख म्हटलं. ती ढिम्म. तुझीच मुलगी. तेव्हा जुलैचं लग्न होणार की नाही, हे तुझ्यावर आहे.

फोन आपटण्याआधी तू कुळ विचारलं होतंस. मार्कची आजी तेरेसाबाई, वय पंच्याऐंशी. त्यांचे आजोबा पिएत्रो मंडालेला ब्रह्मदेशाच्या राजाच्या आगबोटींची यंत्रं सांभाळत. राजा म्हणजे तुमचा थिबाच, ज्याला इंग्रजांनी आणून रत्नागिरीत ठेवला. पिएत्रोंच्या दरबारातल्या फोटोची कॉपी सोबत आहे. याहून जुनं कुळ माझ्याकडे शिल्लक नाही.

तिळगूळ पोचला. गोड बोलण्याची अट पाठवणाऱ्यालाही लागू असते.

लोभ आहेच, तो जुलैपर्यंत टिकवावास.

तुझी ताई


रत्नागिरी, ९ फेब्रुवारी २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. पाहणारच नव्हतो. मग भिंग घेऊन बसलो.

ताई, तू इतिहासात एम. ए. झालीस आणि मुख्य गोष्ट तुला दिसली नाही! गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसले आहेत, पाय अनवाणी, अंगावर पांढरं उपरणं, आणि डाव्या खांद्यावरून उजवीकडे जानवं. पदर मोजले. सहा. म्हणजे लग्न झालेल्याचं. रवींद्र गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, ब्रह्मदेशाच्या दरबारात ब्राह्मण असतच, कुणीतरी मुंज लावून दिली असणार. सूत इतकं चकाकतं कसं, एवढीच त्यांना शंका आहे.

तेव्हा मी विरोध मागे घेतो. देवळात सांगून झालं. पाध्ये मला 'गोऱ्यांचे व्याही' म्हणून चिडवत होते, त्यांना फोटो दाखवून गप्प केलं. पासपोर्टला अर्ज केला आहे. फक्त त्यांचं गोत्र विचारून घे, संकल्पात म्हणावं लागेल.

कृपादृष्टी असू द्यावी, आणि विमानात खायला काय देतात तेही कळवावं.

तुझा शशिकांत


विनिपेग, १ मार्च २००९

चि. शशिकांत,
अनेक आशीर्वाद.

ते जानवं नाही.

ती सोन्याची साखळी आहे. राजा आपल्या मानकऱ्यांना देत असे. पदर जास्त तितका मान मोठा. आणि उपरणं नाही, पांढरा कोट आहे. जानवं कोटावरून घालत नाहीत, हे तुला मी सांगायचं का? गोत्रही नाही.

अनुयाने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, आत्या, प्लीज, लग्न होईपर्यंत सोडून दे ना. मी नाही म्हटलं. ती माझ्याशी बोलत नाही. पण बापाला फसवून उभं केलेलं कन्यादान मला नको. आता काय ते ठरव.

अनवाणी पाय मात्र खरे. राजापुढे जोडे काढून जमिनीवर बसायची रीत होती. बाकीचे साहेब त्यावरून रुसत. पिएत्रो मुकाट्याने काढत. राज्य गेलं, नोकरी गेली. पुढे कॅनडाला निघण्याआधी ते मुद्दाम रत्नागिरीला आले, राजाचा निरोप घ्यायला. फाटकातून आत सोडलं नाही. मग त्यांनी रस्त्यातच बूट काढले आणि बंगल्याकडे तोंड करून गुडघे टेकले. माणसं जमली, हसली. उठून बघतात तर बूट गेलेले. भर उन्हात बंदरापर्यंत अनवाणी चालत गेले. कोणी पाणी विचारलं नाही.

तेरेसाबाईंनी हे मला हसत हसत सांगितलं, आजोबांच्या मांडीवर ऐकलेली गंमत म्हणून. मग विचारलं, तुमचं गाव कोणतं? मी सांगितलं, रत्नागिरी. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

हॉल बुक करायचा की नाही, ते कळव.

रागावलास तरी आशीर्वाद कायम आहेत.

ताई


रत्नागिरी, २ एप्रिल २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाध्यांना जाऊन खरं सांगितलं. ते अजून हसत आहेत. गुरुजी म्हणतात, चकाकीची शंका त्यांनी आधीच बोलून दाखवली होती.

आपल्या गावात आलेल्या माणसाला पाणी मिळालं नाही, हे मला सारखं आठवतं. रात्रीचं जेवण जात नाही.

मार्कच्या पायाचं माप कळव. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारून पाठवलंस तर उत्तम. हॉल बुक कर.

करवल्यांना बजावून ठेव, लग्नात नवरदेवाचे जोडे पळवायचे नाहीत. आमच्या गावाने एकदा पळवले, तेवढे पुरे.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा शशिकांत


विनिपेग, ३ ऑगस्ट २००९

चि. शशिकांत,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास, बरं झालं. कन्यादानाच्या वेळी तू किती रडलास हे मी इकडे कोणाला आठवू देत नाही. अनुया आता माझ्याशी बोलते, जरा जास्तच. तुझी मफलर माझ्याकडे राहिली आहे. जुलैत मफलर कशाला आणलीस, हे मला अजून कळलेलं नाही.

तुझ्या माझ्यात पुढे वाद नको म्हणून देण्याघेण्याची नोंद करून ठेवते.

तुझ्याकडून तेरेसाबाईंस: तपकिरी बूट, जोड एक, मार्कच्या मापाचे, रत्नागिरीत शिवलेले. गुळाचा खडा एक. तांब्याभर पाणी, विनिपेगच्या नळाचं. बाईंनी गूळ खाल्ला आणि पाणी थेंब न ठेवता प्यायल्या.

तेरेसाबाईंकडून अनुयास: सोन्याच्या साखळीचा पदर एक. बाकीचे इथवर येताना विकले गेले होते.

मार्कला बूट मिळालेले नाहीत. त्या घरात सगळ्यांचे जोडे दाराशी असतात. हे तेवढे आत, आजोबांच्या फोटोखाली ठेवले आहेत. मार्कने ते मागितले. आजी म्हणाल्या, ज्याचे होते त्याला पोचले.