सात नंबरच्या डंपरचा रेग्युलेटर

मंगळवार, ४ मार्च
सात नंबरच्या डंपरचा चार्जिंगचा रेग्युलेटर पुन्हा जळला. महिन्यात तिसरा! बाकीचे सहा डंपर त्याच खाणीत, तोच दगड वाहतात. त्यांना काही होत नाही. जानेवारीत सातची मोठी दुरुस्ती मीच केली, धुऊन-रंगवून नवी कोरी केली गाडी. मग हिलाच काय धाड भरलीय?
सातवर ड्रायव्हर कोण, तर माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. मीच चिकटवला त्याला इथे. गाडी बंद पडली की त्याला दोन दिवस आराम — हे आजच डोक्यात आलं.
मालक म्हणाले, "खोट गाडीत आहे नाहीतर माणसात. शोधा." बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं मला. फार लागलं.

बुधवार, ५ मार्च
नवा रेग्युलेटर बसवला. सगळं पुसून चेसिसला काळा रंग मारला, वाळू दिला, मग इंजिनापासून येणारी अर्थिंगची पट्टी त्यावर आवळली. रंग मारल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा माझा शिरस्ता. मेहुणा बघत होता. "दाजी, नवरीसारखी नटवलीत हो!" दात काढायला काय झालं याला?
तो गेल्यावर प्रत्येक नटावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. कुणी पाना लावला की ठिपका तडकणार!

गुरुवार, ६ मार्च
बायको नेलपॉलिश शोधतेय. बाटली माझ्या पान्यांच्या डब्यात.

शनिवार, २९ मार्च
तीन आठवडे गाडी सुरळीत. तरी मनात पाल चुकचुकत होतीच. आज ठिपके तपासले — अर्थिंगच्या पट्टीचा तडकलेला! सापडला!
मालकांसमोरच विचारलं. "हो, मीच खोलला होता," म्हणाला, "जरा साफ केलं." पट्टीला साफ काय करायचं असतं? त्याने मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दाजी, मग बोलू," एवढंच पुटपुटला. मला नाही बोलायचं.

सोमवार, ३१ मार्च
त्याला कामावरून काढलं. बायको म्हणाली, "त्याचं ऐकून तरी घ्यायचं होतंत." ताट वाढून आत गेली. वाईट वाटतंय. पण माझ्यावरचा डाग गेला, याचं बरंही वाटतंय. खोटं कशाला लिहू?

मंगळवार, १ एप्रिल
सातवर नवा ड्रायव्हर. तो खोललेला नट नीट बघावा म्हणून पट्टी काढली. खाली माझा रंग पार खरवडलेला, लोखंड चकचकीत उघडं! एवढी नासधूस! गंज चढला असता. दोन हात रंग मारला, वाळल्यावर पट्टी आवळली. आता कुठे गाडी माझी वाटतेय.

बुधवार, ९ एप्रिल
सातचा रेग्युलेटर जळला. मेहुणा आठ दिवस घरी बसलाय.
पट्टी खोलली. खाली माझा काळा रंग, जाड, सुरेख. रंगातून वीज जात नाही, पट्टीला उघडं लोखंड लागलं नाही तर रेग्युलेटर जळतो — माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो. त्यालाही सांगितलं होतं.
मालकांसमोर तो का गप्प बसला, ते आज कळलं.