माइकवर खासगी निरोप नाहीत

२६ जानेवारी १९८५, शनिवार
डॉक्टरांच्या घरी टीव्हीवर परेड पाहिली. परेड कसली, मी बातम्या वाचणाऱ्याकडेच पाहत होतो. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही, असा माणूस. पण आवाज? माझ्या पासंगाला पुरणार नाही. आर्वी एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत एकोणीस वर्षं माइकवर बोलतोय. नागपूरला टीव्हीसाठी निवेदक निवडणार आहेत. अर्ज टाकायचाच.

२८ जानेवारी
टाकला. अनुभवाच्या रकान्यात ‘लाइव्ह प्रसारण, १९ वर्षे’ असं लिहिलं. एक अक्षर खोटं नाही.

१ फेब्रुवारी
माइकची शिस्त पार बिघडली आहे. अमक्याचे पाहुणे उतरले, न्यायला या. तमक्याची पिशवी राहिली. न्यूज रीडर असली कामं करतो का? खिडकीवर बोर्ड लावला: ‘माइकवर खासगी निरोप सांगितले जाणार नाहीत.’ भाजीवाले बापूराव बोर्ड वाचून म्हणाले, काऊन जी रूपराव, मंग आमचे पाहुणे फलाटावरच मुक्काम करतीन काय? दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी
नागपूरहून पत्र! १३ तारखेला साडेदहाला चाचणी. बातम्या वाचायच्या आणि एक मुलाखत घेऊन दाखवायची.
१३लाच हिंगणीचे पुंडलिकराव मुलासाठी आमच्या गोपिकेला पाहायला येणार. प्रभाकररावांनी जुळवून आणलंय. मुलगा मास्तर आहे. लग्नानंतरही मुलीनं बालवाडीची नोकरी सोडू नये म्हणतो. असं म्हणणारा हा पहिलाच. पोरगी दोन दिवस गुणगुणत भांडी घासतेय.
बायको, चतुराबाई, म्हणाली, तारीख बदलून घ्या. पोरीचा बाप घ्याले आला नाई त पाहुणे काही घर पुसत येत नाईत. तिला समजावलं. पाहुणे साडेचारच्या वर्धा गाडीनं येणार. मी नागपूरहून साडेबाराच्या गाडीनं निघून चारला स्टँडवर. वेळापत्रक मला शिकवते!

१२ फेब्रुवारी
प्रॅक्टिस म्हणून चतुराबाईची मुलाखत घेतली. एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, उद्या चारले येता ना? येतो म्हणालो.

१४ फेब्रुवारी, सकाळी
चाचणी उत्तम. सवयीप्रमाणे प्रत्येक बातमी दोनदा वाचली. शेवटी ‘प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी’ हेही आलं. काचेपलीकडचे साहेब हात हलवत होते. मग समोर एक रिटायर्ड प्राध्यापक बसवले. कुठून आलात, कुठं जाणार, सोबत किती जण, असं एकामागून एक विचारलं. ते उठूनच गेले. अशा थेट प्रश्नांची त्यांना सवय नसावी.
साहेब म्हणाले, कळवू. लगेच बोलावतील म्हणून बाकावर बसून राहिलो. साडेबाराची गाडी गेली. दीडचीही गेली. तीनला शिपाई म्हणाला, साहेब त केव्हाचेच घरी गेले.
आर्वीला साडेसहा वाजले.
पाहुणे वेळेवर उतरले होते. खिडकीत पुलगावहून आलेला बदली माणूस. पुंडलिकराव त्याला म्हणाले, रूपरावले माइकवर सांगा, आमी आलो म्हणून. त्यानं बोर्डाकडे बोट दाखवलं. दीड तास ते फलाटावर बसले आणि सहाच्या गाडीनं परत गेले. बदली माणूस नियमानं वागला. त्याला दोष देता येत नाही.
आमचं घर स्टँडच्या मागंच. माइक चुलीपर्यंत ऐकू येतो. साडेचारपासून गोपिका नवी साडी नेसून ऐकत बसली होती. मी आत गेलो तर म्हणाली, बाबा, सगळ्या गाड्या दोनदा सांगतल्या. पाहुण्याइचं एकदाबी नाई.

१७ फेब्रुवारी
हिंगणीला माफीचं पत्र लिहिलं. त्यात एसटीच्या अनियमिततेचा मुद्दा नीट मांडलाय. पटेल त्यांना.

२१ फेब्रुवारी
प्रभाकरराव येऊन गेले. पुंडलिकराव म्हणतात, आमी काही स्टँडवर सोडलेलं पार्सल नाई. सोयरीक संपली. गोपिका आता गुणगुणत नाही. मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

२५ फेब्रुवारी
नागपूरचं पत्र. नापास. बोर्ड काढून टाकला.

३ मार्च, रविवार
साडेचारच्या वर्धा गाडीनं चौघं उतरले. त्यातले म्हातारे खिडकीशी आले. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, हिंगणीचा पुंडलिक मी. भाजीवाल्या बापूरावची पोरगी पाहाले आलो. त्याइले जरा आवाज द्या जी. मागं मुलगा उभा होता. चष्मा, हातात छत्री, साधा वाटला.
माइक चालू केला. हिंगणीचे पाहुणे आले आहेत, बापूरावांनी त्यांना न्यायला यावं, असं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.
तरी घरी ऐकू गेलंच असणार.