बाराव्या प्रश्नाचं दुसरं उत्तर

१४ जून, मंगळवार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. खोलीचं छत गळायचं थांबलंय, घरमालकीण मात्र होती तशीच आहे. शुक्रवारी विभागात प्रबंधाचा पहिला भाग वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमचा गुडघा कसा आहे? ग्रंथालयात उंच स्टूल मिळालं का, की अजून उभ्यानेच फाटकी पुस्तकं शिवताय?

उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. फोनवर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र, तेही ग्रंथालयाच्या पत्त्यावर.

समाजशास्त्राला शास्त्र म्हणायचं की नाही, यावरून दादाचं आणि माझं किती वर्षं वाजतंय ते तुम्ही ऐकतच आलात. तो पडला पाणी तपासणारा. "एकच पाणी दोनदा तपासलं तर आकडा तोच यायला हवा. तुझी माणसं सकाळी एक सांगतात, संध्याकाळी दुसरं. याला शास्त्र नाही, गप्पा म्हणतात." मला ते फार झोंबलं. म्हणून वीस बायकांना तेच प्रश्न सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा विचारले. विसाव्या तुम्ही.

बारावा प्रश्न आठवतो? घरातले मोठे निर्णय तुम्हाला विचारून होतात का. पहिल्यांदा तुम्ही स्वयंपाकघरात "हो" म्हणालात, तेव्हा दादा बाहेरच पेपर वाचत होता. दुसऱ्यांदा आपण ग्रंथालयात तुमच्या टेबलाशी होतो. सुईत दोरा ओवता ओवता तुम्ही म्हणालात, "नाही हो वन्सं. मला सांगतात. ठरल्यावर." मग दोऱ्याला गाठ मारून, "लिहा बिनधास्त. कुठेतरी असू दे लिहिलेलं."

मी लिहिलं. घरी येऊन पुसलं.

एकोणीस जणींची उत्तरं जुळली होती. एकट्या तुमच्या उत्तराने दादाला हसायला जागा मिळाली असती. मी "नाही"वर रबर फिरवलं, "हो" लिहिलं आणि वीसपैकी वीस असा तक्ता त्याच्यापुढे नाचवला. "बरं बाई, शास्त्र तर शास्त्र. हरलो," म्हणाला. इतकी खूश झाले होते मी त्या दिवशी.

लाज याची वाटते, की त्याच्याकडे असा वेगळा आकडा आला तर तो पुसत नाही. चपला घालतो आणि नळ कुठे फुटलाय ते शोधायला जातो. मी शोधायला गेलेच नाही, कारण कुठे जावं लागेल ते मला माहीत होतं.

काल त्याचा फोन आला. दूरची बदली घ्यायचं ठरवलंय, सोमवारी होकार कळवायचा आहे म्हणे. तुमची नोकरी आत्ता कुठे कायम झालीय. मी म्हटलं, "वहिनीला विचारलंस?"

"अगं, तिचं काही म्हणणं नसतं. विचारून ठरतं असं तिनेच दोनदा सांगितलंय, तुझ्याच तक्त्यात आहे की. सांगतो तिला रविवारी."

फोन ठेवला आणि कपाटातून तुमचा फॉर्म काढला.

मूळ फॉर्म सोबत जोडलाय. उजेडात धरलात तर पुसलेलं दिसेल. तक्ता खोटा आहे हे आज विभागात सांगून आले, माझं काय करायचं ते ते ठरवतील. दादाला मात्र काही बोलले नाही. ते उत्तर तुमचं आहे, विश्वासाने दिलेलं, आणि आता तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. "सांगा" म्हणालात तर मिळेल ती गाडी पकडून येते आणि त्याच्यापुढे उभी राहते. स्वतः सांगायचं असेल तर फॉर्म त्याच्या हातात द्या. फाडून टाकावासा वाटला तरी मला बोलायला तोंड नाही. जे कराल ते सोमवारच्या आत करा, एवढंच.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही "हो" म्हणाल, सवयीने.

तुम्हाला न विचारता ठरवणाऱ्या घरातलीच एक,
तुमची नणंद