विभाला न सांगता व्हिएतनाम

८ फेब्रुवारी

बॅग भरली. विभाला सांगितलेलं नाही. लेकीच्या, अवंतीच्या, बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली ती तिथेच रमली. नात आता रांगायला लागली. रोज फोनवर विचारते, जेवले का, आणि उत्तर ऐकायच्या आत नातीमागे पळते. ठीक आहे. फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस एकटा काय करू शकतो ते आता दिसेल. नियम: टूर कंपनी नाही, सोबत कुणी नाही, घरचं खाणं नाही. तिथून एक फोटो पाठवायचा, तो पाहताच विभा मिळेल त्या गाडीने जबलपूर गाठेल.

शेजारच्या बेबीताईंकडे किल्ली दिली. म्हणाल्या, काहून भाऊजी, कुठं जाऊन राहिले? म्हटलं, जरा बाहेर. म्हणाल्या, अच्छा, इथंच शहपुऱ्याला का? मी नुसता हसलो.

चिवडा घेतला आहे. औषध म्हणून.

१० फेब्रुवारी, हनोई

हॉस्टेलमध्ये वरचा बर्थ मिळाला. जन्मभर रेल्वेत लोअर मागून घेतला, त्याची भरपाई. खोलीत सगळी पोरं विशीतली, कानात हेडफोन. मी प्रत्येकाला हॅलो म्हटलं. एकाने हेडफोन काढून हॅलो म्हटलं आणि परत घातला. ओळखी वाढत आहेत.

संध्याकाळी पांघरुणात चिवडा खाल्ला. नियम मोडलेला नाही. चिवडा सदर बाजारातल्या दुकानातला आहे, घरचा नव्हे.

११ फेब्रुवारी

स्कूटर भाड्याने घेतली. जबलपूरच्या ट्रॅफिकमध्ये हयात गेली, आम्हाला कोण शिकवणार! पहिल्याच चौकात पडलो. इथे सगळे उजव्या बाजूने चालवतात, त्याला मी काय करणार. गुडघा फुटला. सूपवाल्या बाईने पळत येऊन पट्टी बांधली, तिच्या भाषेत रागावलीसुद्धा. मी हिंदीत म्हटलं, दीदी, कुछ नहीं हुआ. मग तिच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिलो. गुडघ्यामुळे. किती दिवसांनी कुणी रागावलं.

१३ फेब्रुवारी, निन्ह बिन्ह

दोन्ही बाजूंना उंच कडे, मधून नदी, नाव. एका नावेत दोघं बसवतात. डोक्यावर टोपलीसारखी टोपी घातलेल्या नाववाल्या बाईने खुणेने विचारलं, दुसरं माणूस कुठं? मी एक बोट दाखवलं. तिने शेजारच्या जागेवर स्वतःची भाताची पिशवी आणि दोन विटा ठेवल्या. तोल राहावा म्हणून.

बाई पायांनी वल्हवते. कौतुक आहे. पण तोंडाने एक शब्द नाही! आपल्या जबलपूरजवळच्या भेडाघाटलाही नर्मदेत असेच कडे, पण तिथला नाववाला बघा, एकेका खडकावर यमक जुळवून लोकांना हसवतो. शेवटी मीच सुरू केलं. भेडाघाटची अख्खी कॉमेंट्री हिंदीतून, विटांना उद्देशून. बाई खूप हसली. परतताना कुणाशी तरी फोनवर बोलली, माझ्याकडे बघून परत हसली. तिच्या घरी आज मी पोचलो म्हणायचं.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ओळखा, मी कुठं आहे? आता बघू गंमत.

१४ फेब्रुवारी

उत्तरं आली.

अवंती: भेडाघाट! बाबा, इतकं सोपं काय विचारता.

पनागरचा मेव्हणा दिवाकर: यंदा पाणी बरंच आहे म्हणायचं. नावाड्याला टोपली घातली का? टुरिझमवाले काहीही करून राहिले.

विभा: नावेत कडेला बसू नका.

मी उत्तर दिलेलं नाही. इतकं अज्ञान दुरुस्त करणं माझं काम नाही. विभा नीट झूम करून बघेल तेव्हा कळेलच.

१५ फेब्रुवारी

झूम केलेलं नाही. मीच फोन लावला. बोलायचं ठरवून ठेवलं होतं: बाईसाहेब, मी व्हिएतनामला आहे, गुडघा फुटलाय, चिवडा संपलाय. पण तीच आधी बोलली. म्हणाली, फोटो पाहून जीव हलका झाला बघा. मला वाटे तुमचे हाल होऊन राहिले असतील, म्हणून होळीच्या आधीचं तिकीट काढलं होतं. पण तुम्ही तर मजेत एकटे भेडाघाट फिरून राहिले! मग म्हटलं चलो, दिवाळीपर्यंत राहू इथंच. कॅन्सल केलं काल रात्री. बरं केलं ना?

मी म्हटलं, अच्छा. बरं केलं.

मग विचारलं, जेवले का. या वेळी उत्तरासाठी थांबली. मी हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी, जबलपूर

घरी पोचलो. बेबीताईंनी किल्ली दिली, विचारलं, भाऊजी, वहिनी कधी येऊन राहिल्या? म्हटलं, घाई नाही, मला एकटं राहायला आवडतं. म्हणाल्या, हो, वहिनीपण तुमच्याबद्दल फोनवर हेच सांगत होत्या.

चहा केला. सवयीने दोन कप झाला. दोन्ही प्यालो.

मला एकटं राहायला अजिबात आवडत नाही. एवढं एक वाक्य पुण्याला फोन करून सांगायचं होतं. ते सोडून व्हिएतनामला जाऊन आलो.