पाणी खालून भरायचं

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. आईला सांगा.

नेमकं काय काम करतेस, असं तुम्ही विचारलंत. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा. पण त्याचे बुडबुडे वीज सोडलेल्या पत्र्याला चिकटून बसतात आणि मागून येणारं पाणी अडवतात, ती खरी कटकट.

तीन आठवडे हायड्रोजनचे आकडे घसरत होते. सर म्हणाले, पत्रा बदल. बदलला, तरी तेच. शेवटी नळ्या तपासल्या, तर वरच्या वाकणात हवा धरलेली. पंप दुरुस्तीवाल्याची मुलगी असून मी पाणी वरून भरत होते. मग खालून सावकाश भरलं, पान्याने दोनदा टकटक केलं, अडकलेली हवा वर निघून गेली आणि आकडे जागेवर आले. सरांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हटलं, घरी.

तुमचा पाना आईने उचलून ठेवलाय ना? लोकांचे पंप बघायला जिने चढू नका.

परवा फोनवर "मला काही झालेलं नाही" म्हणालात, आणि त्या चार शब्दांत श्वास घ्यायला दोनदा थांबलात. कुठे अडतंय ते शोधण्याचाच मला पगार मिळतो, बाबा. दवाखान्यात जाऊन आल्यावर फोन करा, आधी नको.

तुमची,
धाकटी