बायोडेटातली चार वर्षं

क्वेकर्स हिल, सिडनी

ती. चित्रलेखाआत्यास,

मयूराचा साष्टांग नमस्कार (माझे गुडघे अजून शाबूत असल्याने खरोखरचा समजावा). तुझी शुगर, काकांचा खोकला आणि तुझं वधूवर सूचक मंडळ, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही मजेत आहोत. चिन्मयी यंदा शाळेत जायला लागली, सासूबाई रोज पार्कला दोन फेऱ्या मारतात आणि यतिन मला नोकरी कशी शोधावी ते शिकवतो.

तर आत्या, मी तुझ्यावर जाम चिडले होते, हे आधीच सांगून टाकते. परत नोकरी धरायची तर रेझ्युमे हवा, आणि माझ्या रेझ्युमेत चार वर्षांचं हे एवढं भगदाड. यतिनने तिथे 'फ्रीलान्स कन्सल्टंट' असं लिहून दिलं (सल्लामसलत मी केली ती फक्त सासूबाईंच्या फिजिओशी). मला खोटं लिहवेना आणि खरं लिहायचा धीर होईना. ती जागा तशीच कोरी ठेवून तेरा अर्ज केले, एकानेही बोलावलं नाही. मग वाटलं, लग्नाळू मुलांची घरी बसलेली वर्षं मांडण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही, म्हणून फाइल तुला पाठवली. नुसती नजर टाक म्हटलं होतं गं! तू मंडळाच्या सवयीने सगळा बायोडेटाच करून टाकलास. उंची पाच फूट दोन इंच, वर्ण व्हीटिश, मामेकुळ, स्वभाव मनमिळाऊ, पत्रिका मागणीनुसार. आणि मी ती फाइल न उघडता, तुझ्यावर विश्वास ठेवून, कॅसल हिलच्या एका कंपनीला पाठवली. (जागा सॉफ्टवेअर टेस्टरची, म्हणजे चुका शोधण्याची होती, याची यतिन रोज एकदा आठवण करून देतो.)

त्यांनी चक्क भेटायला बोलावलं. समोर केली नावाची बाई, हातात तुझा बायोडेटा. तो पाहून मला कुठे तोंड लपवू असं झालं. व्हीटिश म्हणजे काही पथ्य आहे का, असं तिने अगदी काळजीने विचारलं. मग त्या चार वर्षांपुढे तू लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं: घरी होती. एक मुलगी वाढवली, एका सासूचे दोन्ही गुडघे बदलून घेतले. दोघीही आता आपापल्या पायांनी चालतात. तक्रार ऐकिवात नाही.

ती खूप हसली, आणि मग म्हणाली की तिच्या आईचंही तेच ऑपरेशन आहे, पुढच्या महिन्यात. मग काय, मी सुटलेच. चिन्मयीने पहिलं पाऊल टाकलं आणि सासूबाईंचा वॉकर सुटला तो आठवडा एकच, आणि दोघींच्या मागे पळताना माझं चार किलो वजन उतरलं, इथवर सगळं सांगितलं. आत्या, जी वर्षं मी इतके दिवस लपवत होते ती मला फार सुखाची गेली, हे मला तिथे बोलता बोलता कळलं. त्यामुळे राग गेला.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, फक्त तो फाइलींवर करू नये.

तुझी,
मयूरा

ता. क. नोकरी अजून मिळालेली नाही. इथे हो म्हणण्याआधी एका माहितगार माणसाला फोन करून चौकशी करतात (तुम्ही मुलाच्या शेजाऱ्यांकडे करता तशीच). केलीला तो बायोडेटा लिहिणाऱ्या बाईंशीच बोलायचंय. मंगळवारी तुझ्या घड्याळात सकाळी साडेसहाला फोन येईल. ही नोकरी मला मनापासून हवी आहे गं, तेवढा उचल. सगळं खरं सांग, आणि तिचं लग्न झालंय का ते विचारू नकोस.

आणखी एक. हे पत्र सासूबाईंनी वाचलं. 'तक्रार ऐकिवात नाही' यावर त्यांचं म्हणणं असं की, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. तू उचलला नाहीस तर केलीशी त्या बोलणार आहेत. पहिल्याच रिंगला उचल.