पहिल्या मिठावरचा कर

नाना, आज वर्गात एका मुलीने मला विचारलं, "बाई, सरकार आपल्याकडून पैसे का घेतं हो?" सकाळी तिच्या दारी म्युनिसिपालटीचा शिपाई घरपट्टी मागायला आला होता आणि तिच्या आजीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. शाळा कल्याणात आमच्याच ओसरीवर भरते. आत आई तांदूळ निवडत बसली होती, म्हणून मी जरा आवाज खाली आणून बोलायला लागले. उत्तर शोधावं लागलं नाही. ते तुमचंच होतं, आणि तुम्ही ते आईला दिलंत तेव्हा मी दाराआड उभी राहून शब्दन् शब्द ऐकला होता.

तेव्हा आपण ठाण्याला होतो, खाडीकाठी, खात्याने दिलेल्या त्या दोन खोल्यांत. तुम्ही मिठागराच्या नाक्यावर कारकून. दारात उभं राहिलं की मिठाच्या राशी दिसायच्या, डोळ्यांवर हात धरल्याशिवाय पाहवत नसत, आणि आपल्या घरी मीठ यायचं बाजारातून, कर भरलेलं, शेरावर मोजून. आईला याचं हसू यायचं. माघ संपता संपता मिठागराचं पहिलं मीठ निघालं की तिथे राबणारी ती आगरी बाई ओंजळभर मीठ गावदेवीपुढे ठेवायची, आणि उरलेलं पळसाच्या पानात बांधून पाच घरी द्यायची. पाचांतलं एक घर आपलं. आई तिला पाटावर बसवून कुंकू लावायची, खणानारळाने ओटी भरायची. कर न भरता मीठ नाक्याबाहेर नेणं हा गुन्हा आहे हे तुम्हाला कोणी सांगायला नको होतं, पण तुम्ही दरवर्षी त्या वेळेला नेमके बाहेर असायचात. ती कधी आली आणि कधी गेली, तुम्ही विचारलंच नाही.

त्या वर्षी मात्र नवा साहेब आला. मिठागरावरून सुटलेल्या माणसांनी नाक्यावर पाय धुऊन, पदर आणि धोतरं झटकूनच बाहेर पडायचं, असा हुकूम त्याने काढला. आणि खात्याच्या नोकरांच्या घरांचीही झडती होणार, अशी कुजबुज सुरू झाली. तुम्ही आठवडाभर घरात नीट बोलला नव्हतात. अशातच एका दुपारी ती बाई आली, आपलं पळसाचं पान घेऊन. नाक्यावरून तिने ते कसं आणलं देव जाणे. आईने नेहमीसारखी ओटी भरली. संध्याकाळी तुम्ही हातपाय धुऊन आत आलात आणि चुलीपाशी ते पान पाहिलंत. मीठ अजून ओलसर होतं, खाडीचा वास येत होता. बाजारचं म्हणून खपणार नव्हतं.

"हे परत जाईल," तुम्ही म्हणालात.

"देवीचं आहे. परत नाही जायचं."

"मग खाडीत टाक."

"मीठ टाकू? संध्याकाळच्या वेळी?" आईने पान उचलून पदराखाली घेतलं. "समुद्राचं पाणी, सूर्याचं ऊन आणि आगर तुडवणारे तिचे पाय. यात सरकार कुठे आलं, ते सांगा मला."

तुम्ही ओरडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही खाली बसलात आणि सांगायला लागलात. खाडीवरचा पूल कोणी बांधला, दवाखान्यात देवीची लस टोचतात त्याचे पैसे कोण देतं, रात्री गावात चौकीदार फिरतो त्याचा पगार कुठून येतो. दान मनात आलं तर द्यायचं असतं. कर मनात नसताना द्यायचा असतो, आणि म्हणूनच तो सक्तीने घ्यावा लागतो. जो तो आपल्या मर्जीने द्यायला लागला तर पूल अर्ध्यावर थांबेल, आणि वापरायला मात्र सगळे येतील. जमीन आहे तो शेतसारा भरतो. जमीन नाही त्याने काहीच द्यायचं नाही का? मीठ सगळ्यांनाच लागतं, म्हणून मिठावर घेतलं की प्रत्येकाकडून थोडं थोडं मिळतं. मला तेव्हा ते इतकं स्वच्छ वाटलं, नाना. घरातल्या घरात कोणी इतकं सरळ बोलताना मी ऐकलंच नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे चुकवता येत नाही म्हणून मिठावर घेता. जिच्या घरी पेजेबरोबर दुसरं काही नसतं, तिने साहेबाइतकंच द्यायचं. आणि साहेबाच्या पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा पगारही त्यातूनच ना?"

  त्या रात्री तुम्हाला एक वाट सापडली, आणि ती वाट फक्त तुम्हालाच सापडू शकत होती. टाकायचं नाही, परत करायचं नाही, लपवायचं तर नाहीच. मग कर भरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते पान उपरण्यात बांधून नाक्यावर गेलात, तराजूत घातलंत आणि स्वतःच्या खिशातून कर भरलात. आता हे मीठ निर्मळ होईल, असं तुम्ही जाताना आईला म्हणाला होतात. आईसुद्धा, मला आठवतं, थोडी हसली होती.

साहेबाने पैसे घेतले आणि विचारलं, हे नाक्याबाहेर नेलं कोणी? तुम्ही तिचं नाव सांगितलंत.

हे आम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळलं नाही. तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, टोपी खुंटीला लावता लावता, खाली बघत. तिला दंड झाला आणि मिठागरावर पाऊल ठेवायची बंदी झाली. दोन दिवसांनी ती दारात उभी राहिली. तुम्ही दंडाचे पैसे पुढे केलेत. तिने हात मागे घेतले.

"पैका नको, दादा. मना आगरान येऊ द्या. त्याबिगर आमी खाऊ काय?"

"ते माझ्या हातात नाही," तुम्ही म्हणालात. खरंच नव्हतं.

"मंग नाव कनाला सांगला माजा?"

तुमच्या ओठांची हालचाल मला दिसली, शब्द ऐकू आला नाही. ती निघून गेली. पुढे ती माणसं उरणच्या बाजूला गेली असं कोणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून आईने मीठ सोडलं. ती बाई परत येईपर्यंत अळणी खाईन, एवढंच आई बोलली, आणि ती बाई कधी परत आली नाही. तुमच्या पानात मात्र आई रोज आधी मीठ वाढायची, डावीकडे, न चुकता. तुम्ही ते बोटाने हळूच बाजूला सारायचात. तुम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतात. तुमचा राग यायचा, आईचाही यायचा. ज्या घरांत भांडण व्हायचं त्या घरांचा मला हेवा वाटायचा.

मी विधवा होऊन परत आले तेव्हा लोकांची पर्वा न करता तुम्ही मला पुण्याला शिकायला धाडलंत, म्हणून आज मुली मला बाई म्हणतात. ते उपकार मी विसरलेले नाही. पण आज मी पूल सांगितला, दवाखाना सांगितला, रस्त्यावरचे दिवे सांगितले, दान आणि कर यांतला फरक सांगितला. ती मुलगी घरी जाऊन आजीला समजावणार म्हणून उड्या मारत गेली. मी आत आले. आईने सुपातून मान वर केली नाही.

"अगदी त्यांचंच बोललीस," ती म्हणाली. मग तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, "तिचं नाव का सांगावं लागलं, ते नाही सांगितलंस त्या पोरीला."

"मला ते माहीत नाही," मी म्हणाले.

तुम्ही गेल्यावर हे पत्र मी कुठे धाडणार? घरात ठेवलं तरी आईला वाचता येत नाही. म्हणून लिहून टाकते. मला माहीत आहे, नाना. कर भरायचा तर खरं सांगून भरायचा, एवढंच तुमच्या डोक्यात होतं; तिचं पोट तुम्हाला नंतर दिसलं. साहेबाने मला विचारलं असतं, तर मीही नाव सांगितलं असतं.